शाल, श्रीफळ आणि टाळे

युरोपातील समकालीन अभिजात संगीताच्या महोत्सवांना अलीकडे वाढदिवसांची फार आवड लागली आहे. एखाद्या संगीतरचनाकाराने पंचाहत्तरी गाठली, ऐंशी ओलांडली, नव्वदीला स्पर्श केला, की कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे छायाचित्र झळकते. त्याच्या तरुणपणच्या रचना, ज्यांना त्या काळी शिट्ट्या आणि टवाळी यांखेरीज फारसे काही मिळाले नव्हते, त्या आदराने पुन्हा वाजवल्या जातात आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. आमचा आक्षेप वृद्ध कलावंतांच्या सन्मानाला नाही. ज्यांनी पन्नास वर्षे एकाकीपणे काम केले त्यांना उतारवयात चार टाळ्या ऐकू आल्या तर त्यात कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या सत्काराच्या आड जे चालले आहे त्याला. ज्या सार्वजनिक संस्थांनी या रचनाकारांना घडवले, त्यांना वाद्यवृंद दिले, तालमींसाठी वेळ दिला, लिहिण्यासाठी पैसा दिला, त्या संस्थांना एकामागून एक टाळे ठोकण्याचे काम चालू आहे. आणि ज्यांच्या हातात किल्ली आहे तेच लोक दुसऱ्या हाताने शाल पांघरीत आहेत.

मराठी वाचकाला या प्रश्नाची निकड चटकन जाणवणार नाही, कारण आपल्या संगीताची घडणच निराळी आहे. आपला ख्यालगायक हाच आपला रचनाकार. ऐंशी वर्षांच्या गवयाचा सत्कार करायचा तर दोन तंबोरे, तबला, पेटी एवढ्या साहित्यावर तो मंचावर बसू शकतो, आणि गळा साथ देईल तोवर त्याचे संगीत त्याच्याबरोबर जिवंत असते. पाश्चात्त्य परंपरेतील रचनाकाराचे तसे नाही. तो कागदावर लिहितो. वाजवणारे दुसरे असतात. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना ऐकू यायची तर ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसवावे लागतात, प्रत्येकासाठी स्वतंत्र लिपी उतरवून काढावी लागते, आणि रचना नवी, अनोळखी वादनरीतीची असेल तर कित्येक दिवस तालमी घ्याव्या लागतात. हे सारे नसेल तर त्या रचनाकाराचे आयुष्य म्हणजे कपाटातील कागदांची चळत होय. तेव्हा वाद्यवृंद मोडून रचनाकाराचा गौरव करणे याचा अर्थ काय, ते वाचकांनीच ठरवावे.

आता एक गाव घेऊ. इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशर परगण्यात हडर्सफील्ड हे गिरण्यांचे शहर आहे. लोकरीच्या कापडावर ते वाढले. १८१२ साली याच परिसरातील कापड कातरणाऱ्या कारागिरांनी आपली भाकरी हिरावून घेणाऱ्या यंत्रांवर घण घातले आणि फाशीची शिक्षा भोगली. लडाइट या नावाने इतिहास त्यांना ओळखतो, बहुधा हेटाळणीनेच. याच शहरात १८३६ सालापासून एक मोठा हौशी गायकवृंद अखंड चालत आला आहे. अशा ठिकाणी १९७८ साली रिचर्ड स्टाइनिट्झ या तेथील पॉलिटेक्निकमधील अध्यापकाने समकालीन संगीताचा महोत्सव सुरू केला. लंडनच्या रसिकांनी नाके मुरडावीत असेच ते धाडस होते. परंतु हा महोत्सव टिकला, वाढला, आणि दर नोव्हेंबरात नव्या संगीताचे सारे जग त्या पावसाळी गावात लोटू लागले. १९८९ साली जॉन केज आणि पिअर बुलेझ हे दोघेही तेथे आले होते. एकेकाळचे पत्रमित्र, पुढे तात्त्विक मतभेदांनी दुरावलेले हे दोन दिग्गज न्यूयॉर्क-पॅरिसला नव्हे, तर यॉर्कशरच्या एका गिरणगावात एकत्र दिसावेत ही गोष्टच बोलकी आहे. महोत्सवाचे कार्यक्रम जुन्या चर्चच्या इमारतीत होतात, नगरभवनात होतात, आणि बेट्स मिल या जुन्या गिरणीतील, जेथे पूर्वी लोकर मिसळली जाई, त्या शेडमध्येही होतात. आमच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते लोअर परळला जाऊन कोणीही पाहावे. हडर्सफील्डने निदान एका शेडमध्ये व्हायोलिन वाजू दिले.

हा महोत्सव आम्ही मुद्दाम निवडला, कारण तो वाईट महोत्सव नाही. त्याने नवोदितांनाही व्यासपीठ दिले. ज्येष्ठांचा गौरव आणि कोवळ्या रचनाकारांची पहिली रचना एकाच आठवड्यात ऐकवण्याची त्याची रीत प्रशंसनीय आहे. पण उत्तमातील उत्तम महोत्सव झाला तरी तो शेवटी दहा दिवसांचा मेळा. त्याच्याकडे स्वतःचा वाद्यवृंद नसतो, शाळा नसते, वर्षभराचे पगार देण्याची ताकद नसते. तो पिकवीत नाही. इतरत्र पिकलेले आणून मांडतो. शेत नांगरणे थांबवून बाजार भरवीत राहिले तर बाजार किती हंगाम चालेल? ज्येष्ठांच्या सत्कारांवर जो इतका भर पडतो आहे तो याचसाठी. जुने धान्य अजून कोठारात आहे, आणि ते दाखवणे सोपे आहे.

हे जुने धान्य पिकले कसे, ते पाहू. हॅरिसन बर्टविसल हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंडचा बहुधा सर्वांत समर्थ रचनाकार. १९३४ साली लँकशरमधील ॲक्रिंग्टन या सूतगिरण्यांच्या गावी, बेकरी चालवणाऱ्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. सातव्या वर्षी आईने त्याला क्लॅरिनेट आणून दिले आणि गावच्या बँडमास्तराकडे शिकायला पाठवले. १९५२ साली तो शिष्यवृत्तीवर मँचेस्टरच्या संगीत महाविद्यालयात गेला. तेथे त्याला पीटर मॅक्सवेल डेव्हिस भेटला; तोही १९३४ सालचाच, शेजारच्या सॅल्फर्डचा. या दोघांच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या काळाबद्दल फार थोडे लिहिले जाते. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांची फी रद्द झाली. १९४६ साली आर्ट्स कौन्सिलला सनद मिळाली, आणि त्याच वर्षी बीबीसीने गंभीर संगीत आणि विचार यांना वाहिलेली तिसरी वाहिनी सुरू केली. १९५९ पासून विल्यम ग्लॉक याने बीबीसीच्या संगीत विभागाची दारे नव्या रचनाकारांना सताड उघडली. बेकरीवाल्याचा मुलगा वाद्यवृंदासाठी लिहू शकला, कारण वाद्यवृंद सार्वजनिक होता, शिक्षण सार्वजनिक होते, नभोवाणी सार्वजनिक होती. युद्धाने पोळलेल्या, अन्नधान्याचे रेशनिंग चालू असलेल्या देशाने हा खर्च केला होता, हे आजच्या काटकसरवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

बर्टविसलचा ‘द मास्क ऑफ ऑर्फिअस’ हा प्रचंड, गुंतागुंतीचा ऑपेरा १९८६ साली इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संस्थेने प्रथम रंगभूमीवर आणला आणि २०१९ साली पुन्हा केला. २०१४ साली ऐंशीव्या वाढदिवसाचे सोहळे झाले. त्याआधीच ‘सर’ ही पदवी झाली होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि वृत्तपत्रांचे रकाने भरून आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आर्ट्स कौन्सिलने इंग्लिश नॅशनल ऑपेराला नियमित अनुदानाच्या यादीतून वगळल्याचे जाहीर केले आणि लंडन सोडून अन्यत्र जाण्याची अट घातली. ओरड झाल्यावर तडजोडी झाल्या, मुदती मिळाल्या. परंतु पाठोपाठ संस्थेच्या व्यवस्थापनाने वाद्यवृंदातील जागा कमी करण्याचा आणि गायक-वादकांना वर्षातील काही महिन्यांपुरतेच कामावर ठेवण्याचा घाट घातला. संस्थेचा संगीत-संचालक मार्टिन ब्रॅबिन्स याने २०२३ च्या ऑक्टोबरात याच कारणावरून राजीनामा फेकला. शोकसंदेश आणि नोकरकपात यांत इतके कमी अंतर!

येथे एक युक्तिवाद पुढे केला जातो आणि तो समाजवाद्यांना भुरळ घालणारा आहे. लंडनची सांस्कृतिक मक्तेदारी मोडायची आहे, पैसा उत्तरेच्या उपेक्षित शहरांकडे वळवायचा आहे, असे सांगितले गेले. तत्त्व म्हणून आम्हाला ते शंभर टक्के मान्य आहे. परंतु ज्या यादीतून लंडनच्या ऑपेराला वगळले, त्याच यादीतून उत्तरेतील खुद्द मँचेस्टरच्या ‘साफा’ या वादकसंचालाही वगळण्यात आले. १९९१ सालापासून हा संच नव्या संगीतासाठी राबत होता; मॅक्सवेल डेव्हिसचा त्याच्याशी जवळचा संबंध होता. अनुदान गेले आणि २०२३ साली त्याने गाशा गुंडाळला. पूर्व इंग्लंडमधील ब्रिटन सिन्फोनिया या वाद्यवृंदाचे अनुदानही पूर्णपणे तोडले गेले. तोही लंडनचा नव्हे. विकेंद्रीकरण हे समाजवादाचे जुने ब्रीद आहे. त्याच्या नावाने कात्री चालवणाऱ्यांनी निदान ते शब्द तरी आमच्याकडून उसने घेऊ नयेत.

बीबीसीचा प्रकार तर याहून उघडावाघडा. १९२४ साली स्थापन झालेला बीबीसी सिंगर्स हा पगारी, पूर्णवेळ गायकवृंद. नव्या रचना पहिल्यांदा गाण्यात त्याची हयात गेली. शताब्दी वर्षभरावर आली असताना, ७ मार्च २०२३ रोजी बीबीसीने तो बंद करण्याचे जाहीर केले. त्याच घोषणेत इंग्लंडमधील तिच्या तीन वाद्यवृंदांतील पगारी जागा सुमारे २० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प होता. गरज पडेल तेव्हा बाहेरून वादक बोलवावेत, म्हणजे ‘लवचिकता’ येईल असे समर्थन होते. ही लवचिकता काय असते ते आमच्या वाचकांना, ज्यांनी एस. टी.पासून महापालिकेच्या सफाई खात्यापर्यंत कंत्राटीकरणाचा वरवंटा पाहिला आहे, त्यांना समजावून सांगण्याची जरुरी नाही. व्हायोलिनवाला झाला म्हणून तो रोजंदारीवर गेल्याने श्रीमंत होत नाही. शेकडो रचनाकारांनी पत्रक काढले, लाखाहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या, वादकांची संघटना उभी ठाकली, आणि १७ दिवसांत, २४ मार्चला, बीबीसीला निर्णय स्थगित करावा लागला. पदकपातीबाबतही संघटनेशी बोलणी करणे तिला भाग पडले. ही वादकांची संघटना १८९३ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झाली, आणि तिचा संस्थापक जोसेफ विल्यम्स हा नाटकगृहात क्लॅरिनेट वाजवणारा वादक होता. बर्टविसलच्या हातात जे वाद्य आले त्याच वाद्याच्या एका मजुराने ही संघटना उभारली, याची आठवण सत्कारसमारंभांत कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

जर्मनीत वेगळे घडते आहे, असा एक समज आपल्या बुद्धिजीवी वर्गात आहे. ब्लॅक फॉरेस्टमधील डोनाउएशिंगेन या छोट्या गावी १९२१ पासून नव्या संगीताचा महोत्सव भरतो. महायुद्धानंतर तो तेथील प्रादेशिक नभोवाणीच्या वाद्यवृंदाच्या बळावर उभा राहिला. १९६१ साली ज्यॉर्ज लिगेटीची ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’ ही रचना याच वाद्यवृंदाने तेथे प्रथम वाजवली आणि श्रोत्यांच्या आग्रहाखातर लगेच दुसऱ्यांदा वाजवली. २०१६ साली नभोवाणीने काटकसरीच्या नावाखाली हा वाद्यवृंद स्टुटगार्टच्या वाद्यवृंदात विलीन केला. नाव विलीनीकरण, प्रत्यक्षात दोनाचा एक. महोत्सव चालू राहिला. २०२१ साली शताब्दी झाली. ज्या वाद्यवृंदाने ती कीर्ती मिळवून दिली तो मात्र त्या शताब्दीला हजर नव्हता.

आता बाजारवाद्यांचा मुख्य सवाल: ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी पैसे मोजावेत, न ऐकणाऱ्या करदात्याने का? आणि जी कला स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही तिने जगावेच का? या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे, अर्थशास्त्राने द्यायला हवे, आणि ते दिले गेलेले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी, जे काही आमच्या पंथाचे नव्हते, १९६६ साली दाखवून दिले की यंत्राने कापडाच्या वाराला लागणारे श्रम कमी होत जातात, पण चार वादकांच्या चौकडीला अर्ध्या तासाची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. इतरत्र उत्पादकता वाढते, तसे वेतन वाढते. वादकालाही त्याच बाजारातून भाकरी घ्यायची असल्याने त्याचेही वेतन वाढलेच पाहिजे. परंतु त्याचा ‘माल’ मात्र तेवढाच राहतो. म्हणजे जिवंत वादनाचा खर्च तुलनेने चढत जाणार, हे व्यवस्थापनाच्या गलथानपणामुळे नव्हे, त्या श्रमाच्या स्वरूपामुळेच. शिक्षिका, परिचारिका यांच्या श्रमालाही हाच न्याय लागू आहे. तेव्हा ‘स्वावलंबी व्हा’ असे वाद्यवृंदाला सांगणे म्हणजे ‘वादकांनो, दरवर्षी थोडे कमी जेवा’ असे सांगणे होय. तिकिटाचे दर वाढवून हा खड्डा भरायचा तर गिरणीतल्या शेडमध्ये फक्त लंडनहून मोटारीने आलेले लोकच बसतील.

बाजारवाद्यांना उत्तर देणे सोपे. अवघड आहे ते आपल्याच घरातील आक्षेपकांना. आमच्या चळवळीतील कित्येक सच्चे कार्यकर्ते विचारतील: हे संगीत ऐकतो कोण? मूठभर अभिजन! कष्टकऱ्याच्या मुलाला शाळेत बाक नाही आणि तुम्ही कर्णकटू व्हायोलिनांसाठी अनुदान मागता? हा सवाल नवा नाही आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नेलिअस कार्ड्यू याने तो सर्वांत तीव्रपणे विचारला. तरुणपणी तो श्टॉकहाउझेनचा सहायक होता. १९६९ साली त्याने हौशी आणि व्यावसायिक यांना एकत्र आणणारा ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ सहकाऱ्यांसह काढला. पुढे तो माओवादाकडे वळला आणि १९७४ साली आपल्या जुन्या गुरूला थेट साम्राज्यशाहीचा सेवक ठरवणारे पुस्तक लिहिले. स्वतःच्या जुन्या रचनाही त्याने धिक्कारल्या आणि कामगारांसाठी साधी गाणी लिहू लागला. १९८१ च्या डिसेंबरात पूर्व लंडनमध्ये एका मोटारीने त्याला उडवले, चालक पळून गेला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हे आयुष्य संपले. कार्ड्यूच्या प्रामाणिकपणापुढे आम्ही मान तुकवतो. पण त्याचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. कष्टकऱ्याला सोपे तेवढेच पेलते, हा विचार क्रांतिकारक वेषात आला तरी मूळचा जमीनदाराचाच आहे. आणि दैवदुर्विलास असा की आजचे महोत्सव कार्ड्यूचाही गौरव करतात, मात्र ‘ट्रीटिज’सारख्या त्याने नाकारलेल्या चित्रलिपीतील रचनांच्या रूपाने. त्याची संपाची गाणी सोयीस्करपणे बाजूला राहतात.

कार्ड्यूला खरे उत्तर इटलीत मिळाले होते. लुइजी नोनो हा १९५२ पासून इटालियन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आणि तडजोड न करणारा आधुनिक रचनाकार. १९६४ साली त्याने जेनोआजवळच्या पोलाद कारखान्यातील आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतून, एका गायिकेच्या आवाजासह, ‘ला फाब्रिका इल्लुमिनाता’ ही रचना घडवली. ती घेऊन तो कामगारांपुढे गेला, ती ऐकवली, तिच्याविषयी बोलला. कामगारांना ‘सोपे’ करून देण्याची त्याला गरज वाटली नाही. त्यांच्याच भट्टीचा आवाज होता तो. हान्स वेर्नर हेंत्से या जर्मन रचनाकाराने १९७६ साली तोस्कानातील मोन्तेपुल्चानो या डोंगरी गावात एक कार्यशाळा-महोत्सव उभारला; नामवंत कलावंत बिदागी न घेता येत आणि गावकरी, मुले, गावचा बँड यांच्यासह काम करीत. १९८० साली तेथील मुलांसाठी त्याने ‘पोल्लिचिनो’ हा ऑपेरा लिहिला आणि मुलांनीच तो केला. ज्या संगीताला अभिजनांची मिरास म्हणून हिणवले जाते ते त्या मुलांच्या हाती वाद्य म्हणून आले. मिरास मोडायची तर ती वाटून टाकावी लागते. जाळून कोणाच्या वाट्याला काही येत नाही. इंग्लंडमध्ये २०१० नंतर शाळांची गुणवत्ता ज्या ठरावीक विषयांवर मोजली जाऊ लागली त्यांत संगीताला स्थानच दिले गेले नाही. खाजगी शाळांत पियानो राहिले. ॲक्रिंग्टनच्या आजच्या मुलाला क्लॅरिनेट कोण देणार, हा वर्गीय प्रश्न आहे, आणि तो अनुदान बंद करून सुटणार नाही.

सत्कार म्हणजे काम देणे नव्हे, याचा एक जुना दाखला सांगतो. ॲलन बुश हा ब्रिटिश कम्युनिस्ट रचनाकार. १९३६ साली कामगारांची संगीत संघटना उभारणाऱ्यांपैकी एक. १९४१ साली राजकीय मतांवरून बीबीसीने त्याच्या संगीतावर बंदी घातली, तेव्हा राल्फ व्हॉन विल्यम्स या वयोवृद्ध रचनाकाराने, बुशची मते मान्य नसतानाही, निषेध म्हणून बीबीसीसाठी हाती घेतलेले स्वतःचे काम परत घेतले. ज्येष्ठत्वाचा असा उपयोग करणारी माणसे होती. १९५१ च्या राष्ट्रीय उत्सवात आर्ट्स कौन्सिलने ऑपेरांची स्पर्धा घेतली आणि बुशच्या ‘वॉट टायलर’ला बक्षीस दिले. विषय १३८१ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडाचा. बक्षीस दिले, पण प्रयोग केला नाही! तो १९५३ साली पूर्व जर्मनीतील लाइपझिगला झाला. लंडनच्या रंगभूमीवर यायला १९७४ साल उजाडले. तेवीस वर्षे हा माणूस बक्षीस घेऊन बसला होता.

आणि बंडखोरांचे काय होते? १९६९ च्या नोव्हेंबरात ॲम्स्टरडॅमच्या सुप्रसिद्ध कॉन्सर्टखेबाउ सभागृहात लुई आंद्रीसन आणि त्याच्या तरुण साथीदारांनी टिकटिक वाजणारी खेळणी आणि भोंगे वाजवून कार्यक्रम बंद पाडला. वाद्यवृंदाच्या धोरणाविषयी जाहीर चर्चा व्हावी ही त्यांची मागणी होती. आंद्रीसनने पुढे कित्येक वर्षे नेहमीच्या वाद्यवृंदासाठी लिहिण्याचे टाळले. १९७२ साली त्याने काढलेला वाऱ्याच्या वाद्यांचा संच राजकीय सभांतून वाजत असे. त्याच सभागृहाच्या वाद्यवृंदाने आपल्या सव्वाशेव्या वर्षानिमित्त त्याच्याकडून रचना मागितली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती थाटात सादर केली. आंद्रीसनने ती लिहिली म्हणून आम्ही त्याला बोल लावणार नाही. पण त्याच २०१३ साली, संस्कृतीच्या खर्चातून २० कोटी युरो कापण्याच्या डच सरकारच्या २०११ च्या धोरणापायी, तेथील नभोवाणीचा चेंबर वाद्यवृंद बरखास्त झाला. बंडखोर आत आला, आणि वादक बाहेर गेले.

हे सारे युरोपचे रडगाणे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे ज्यांना वाटते त्यांनी वनराज भाटिया यांची कहाणी आठवावी. १९२७ साली मुंबईत जन्मलेला हा संगीतकार लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्या हाताखाली शिकून १९५९ साली परतला. या पाश्चात्त्य पद्धतीच्या रचना वाजवायला येथे पगारी वाद्यवृंद नव्हता, त्या लिहायला मोबदला देणारी संस्था नव्हती. मग हजारो जाहिरातींची गाणी लिहिली. १९७४ च्या ‘अंकुर’पासून श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांना, पुढे ‘तमस’ला आणि ‘भारत एक खोज’ला संगीत दिले, त्याचे ऋण आपण सारेच जाणतो. गौरवांत उणे नव्हते: ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री. आणि २०१९ साली वृत्तपत्रांनी छापले की हा नव्वदी ओलांडलेला माणूस मुंबईतील आपल्या घरात पैशाअभावी घरातील वस्तू विकतो आहे. बातमी झाल्यावर मदत धावली. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले. पद्मश्री हे पदक आहे. ते निवृत्तिवेतन नाही, औषधाचे बिल भरीत नाही, आणि वाद्यवृंद तर मुळीच उभा करीत नाही. युरोपने साठ-सत्तर वर्षे जे उभारले आणि आज मोडीत काढले, ते आम्ही उभारलेच नाही. सत्काराची कला मात्र आम्हाला त्यांच्याआधीच अवगत होती.

तेव्हा मागण्या काय? पहिली अशी की ज्या महोत्सवाला सार्वजनिक पैसा मिळतो त्याने ज्येष्ठाच्या नावाने जेवढा खर्च केला तेवढाच खर्च त्या वर्षी नव्या रचनांच्या मोबदल्यावर आणि तालमींवर केल्याचा हिशेब छापावा. दुसरी, महोत्सवात वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाचे वेतन त्याच्या संघटनेने ठरवलेल्या दरापेक्षा कमी असू नये, आणि तालमीचा दिवस हा कामाचा दिवस मानला जावा. तिसरी, नभोवाणीचे वाद्यवृंद आणि गायकवृंद यांतील कायम जागा कायद्याने संरक्षित असाव्यात. संचालक मंडळाच्या एका बैठकीत त्या पुसल्या जाऊ नयेत. चौथी आमच्या सरकारसाठी आहे: अकादमीच्या पुरस्काराबरोबर रचनेची संहिता प्रकाशित करण्याची आणि तिचा निदान एक प्रयोग करण्याची जबाबदारी अकादमीवर असावी. शाळांतून वाद्ये पुरवण्याचे काम नगरपालिकांनी करावे, आणि ते यॉर्कशरच्या आणि महाराष्ट्राच्याही नगरपालिकांना न जमण्याचे कारण नाही.

हडर्सफील्डला येत्या नोव्हेंबरात कोणाची तरी पंचाहत्तरी किंवा ऐंशी असेलच. बीबीसीच्या गायकांना १७ दिवसांत जे जमले ते सत्कारमूर्तींना जमण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ व्यासपीठ असते, हातात ध्वनिक्षेपक असतो, आणि समोरच्या पहिल्या रांगेत अनुदान मंजूर करणारे अधिकारी बसलेले असतात. आभाराच्या भाषणापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे की आज रात्री माझी रचना वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना पुढल्या वर्षी पगार आहे.